खेळ तर घेतला, पण शिकलं कोण? प्राथमिक वर्गात नव्याने खेळ घेणाऱ्यांसाठी

वर्गात मी पहिल्यांदा खेळ घेतला तो दिवस अजून लक्षात आहे. मुलांचे दोन गट केले, फळ्यावर मधोमध रेघ ओढली आणि पाढ्यांवरचे प्रश्न विचारत सुटलो. वीस मिनिटं वर्ग दणाणत होता. मुलं खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी तेच गुणाकार वहीत घातले आणि माझा चेहरा उतरला. चाळीस मुलांत बरोबर उत्तरं लिहिणारी पाच-सहाच निघाली, आणि त्यांना पाढे आदल्या दिवशीही येतच होते. बाकीच्यांनी खेळ पाहिला होता, खेळला नव्हता.

हिशेब साधा आहे. एका प्रश्नाला अर्धा मिनिट धरला तर २० मिनिटांत ४० प्रश्न होतात. म्हणजे ४० मुलांत प्रत्येकाला एक, तोही सगळ्यांना सारखा वाटला तर. तीच मुलं जोडीजोडीने बसली आणि एका खेळीला तोच अर्धा मिनिट लागला, तर प्रत्येकाला २० खेळ्या मिळतात. आता कुठलाही खेळ समोर आला की मी आधी हा हिशेब मांडतो: एका मुलाच्या वाट्याला किती खेळ्या येणार? उत्तर दोन-तीन आलं तर तो खेळ स्नेहसंमेलनासाठी ठेवून देतो.

पायरी १ : एकच गोष्ट ठरवा

‘गणिताची गोडी लागावी’ हा हेतू चांगला आहे, पण त्यावरून खेळ निवडता येत नाही. ‘३४ मधला ३ म्हणजे तीस, हे मुलाला कळावं’ यावरून निवडता येतो. खेळ घेण्याआधी एका ओळीत लिहा की आजच्या डावानंतर मुलाला काय जमायला हवं. ओळीत ‘आणि’ आला तर अर्धी ओळ खोडा.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळ कशासाठी वापरायचा. नवी कल्पना पहिल्यांदा भेटवायला, अर्धवट कळलेली पक्की करायला, की जुनी उजळायला? नव्या शिक्षकाने मधल्या कामापासून सुरुवात करावी. मुलांना थोडं येतं पण अडखळतात, अशा ठिकाणी खेळ सगळ्यात चांगला चालतो. अजिबात न येणाऱ्या गोष्टीचा खेळ घेतला तर मुलं अंदाज ठोकतात, आणि एकदा अंदाजावर डाव जिंकला की विचार कशाला करायचा!

पायरी २ : खेळी तपासा

या पायरीवर घाई करू नका. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

कुठलाही खेळ घ्या आणि विचारा, जिंकण्यासाठी मुलाला नेमकं काय करावं लागतं? समजा सापशिडी आहे, आणि फासा टाकण्याआधी चिठ्ठीवरची बेरीज सोडवायची असा नियम तुम्ही जोडला. इथे खेळ आहे सोंगटी पुढे नेण्याचा. बेरीज हा वाटेतला टोलनाका. मुलं तो भरतात, कारण भरल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. चिठ्ठ्या काढून टाकल्या तरी खेळ तसाच चालतो, किंबहुना जास्त मजेत चालतो. जो अभ्यास काढला तरी खेळाचं काही बिघडत नाही, तो अभ्यास खेळात मुरलेलाच नाही असं समजा.

याउलट चौकटींच्या कागदावरचा एक खेळ बघा. दोन फासे टाकायचे. ४ आणि ३ पडले तर चार घरं लांब, तीन घरं रुंद असा आयत आपल्या रंगाने आखायचा आणि त्यात लिहायचं ४ × ३ = १२. समोरच्याने त्याच कागदावर आपला आयत आखायचा. ज्याचा आयत कुठेच बसत नाही त्याची पाळी जाते, आणि सलग दोनदा दोघांचाही बसला नाही की डाव संपला. ज्याची घरं जास्त तो जिंकला. यातून गुणाकार काढून बघा, हातात काहीच उरत नाही. सुरुवातीला मुलं बारा घरं एकेक करून मोजतात. तिसऱ्या-चौथ्या डावात कंटाळून चाराच्या ओळी मोजू लागतात. मग एखादं मूल कागद आडवा करून म्हणतं, ‘सर, हे चार-तीन आणि तिचं तीन-चार एकच आहे!’ हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं होतं.

कागद १५ × १५ घरांचा, म्हणजे २२५ घरांचा घ्या. दोन फाशांच्या गुणाकाराची सरासरी बारापेक्षा थोडी जास्त येते, त्यामुळे पंधराएक खेळ्यांत कागद भरत येतो आणि डाव तासात बसतो.

खेळी तपासताना बारीकसा फरकही किती महत्त्वाचा ठरतो, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर या संशोधकांनी २००८ मध्ये लहान मुलांबरोबर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाळापूर्व वयाच्या मुलांना त्यांनी एका सरळ पट्टीवरचा खेळ दिला. पट्टीवर १ ते १० आकडे, आणि चकती फिरवून एक किंवा दोन घरं पुढे जायचं. १५ ते २० मिनिटांच्या चारच बैठका झाल्या. तेवढ्याने मुलांचं मोजणं, आकडे ओळखणं आणि ‘कुठली संख्या मोठी’ हे सांगणं सुधारलं, आणि नऊ आठवड्यांनीही ती सुधारणा टिकून होती. दुसऱ्या गटाची पट्टी तशीच, पण आकड्यांच्या जागी रंग. त्या गटात अशी सुधारणा दिसली नाही. सोंगटी दोघांनी सारखीच सरकवली, पण आकड्यांशी गाठ एकाच गटाची पडली.

पुढे २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी त्याहून बारीक गोष्ट दाखवली. समजा शंभरपर्यंतच्या पटावर सोंगटी २७ वर आहे आणि तीन पडले. मूल ‘एक, दोन, तीन’ म्हणत सरकलं तर फारसा फायदा नाही. ‘अठ्ठावीस, एकोणतीस, तीस’ असं घरातली संख्या म्हणत सरकलं तर फायदा होतो. पट तोच, पडलेला आकडाही तोच, बदललं ते तोंडाने म्हणायचं. आपल्या भाषेत हा नियम अधिकच उपयोगी आहे, कारण एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ इथे मुलं हमखास अडतात. नावात पुढचं दशक ऐकू येतं आणि लिहायचं असतं मागचं. सोंगटी हातात असताना ते अडणं सुटतं, कारण पुढचंच घर तीस असतं.

जाता जाता, नेहमीच्या सापशिडीचा पट यासाठी वापरू नका. त्यात एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि पुढची उलटी परतते. त्यामुळे ४ च्या डोक्यावर १७ येतो. प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होणारा पट स्वतः आखा. मग ४ वर १४, त्यावर २४ अशी रांग दिसते आणि दहाने वाढणं म्हणजे काय हे न सांगता कळतं.

पायरी ३ : सुरुवातीला हे तीन पुरे आहेत

आयतांचा खेळ वर आलाच. त्याला आणखी तीन जोडा. वर्षभर नवे खेळ शोधत फिरण्यापेक्षा चार खेळ मुरवणं बरं.

शंभराच्या जवळ. एक फासा, दोन भिडू, प्रत्येकाच्या सात खेळ्या. पडलेला आकडा दशकात लिहायचा की एककात, ते ज्याचं त्याने ठरवायचं. ३ पडले तर ३० धरा नाहीतर ३. एकदा लिहिलं की बदलायचं नाही. सात खेळ्यांनंतर बेरीज शंभराच्या जास्त जवळ ज्याची, तो जिंकला. शंभर ओलांडले तर बाद. समजा आले ३, २, ५, १, ६, ४, २ आणि मुलाने धरले ३०, २०, ५, १०, ६, ४, २०. झाले ९५. इथे प्रत्येक खेळीला मूल दशकाची किंमत तोलतं. ‘आता सहा दशकात टाकले तर मेलोच’ असं एखादं मूल पुटपुटताना ऐकू आलं, की त्याला स्थानिक किंमत कळली असं खुशाल समजा.

हो-नाही. १६ चित्रं पसरून ठेवायची, प्राण्यांची, वस्तूंची किंवा भूमितीतल्या आकृत्यांची. एकाने मनात एक धरायचं, दुसऱ्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. सुरुवातीला सगळी मुलं ‘वाघ आहे का? बेडूक आहे का?’ असंच विचारतात. प्रश्न मोजायला लावले की ‘पाठीचा कणा आहे का?’, ‘अंडी घालतो का?’ सुरू होतं. प्रत्येक प्रश्नाने उरलेली चित्रं अर्धी झाली, तर १६ चित्रांना चार प्रश्न पुरतात. हाच हिशेब ताणला तर २० प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींतली एक सापडते. हे मोठ्या मुलांना सांगून बघा, विश्वास बसत नाही म्हणून ती दुप्पट-दुप्पट करत बसतात. त्यांना बसू द्या.

पाठीला पाठ. भाषेचा खेळ. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाकडे साधं चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्याने फक्त शब्दांनी सांगायचं, दुसऱ्याने काढायचं, शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. डावा-उजवा, वर-खाली, ‘च्या आत’, ‘च्या शेजारी’, ‘अर्धा’, ‘दुप्पट’ या शब्दांची इथे खरी परीक्षा होते. हशाही पुष्कळ होतो.

टाळायचे खेळ कुठले, तेही सांगतो. चुकला की बाहेर, असा कुठलाही खेळ. ज्या मुलाला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तेच पहिल्या मिनिटाला भिंतीला टेकून उभं राहतं. आणि ‘जो आधी हात वर करील तो’ हा प्रकारही नको. त्यात वेगवान मुलांचंच चालतं, आणि शांतपणे विचार करणारं मूल विचार करणं सोडून देतं.

पायरी ४ : सामान

पुठ्ठा, खडू, बाटल्यांची झाकणं सोंगट्यांसाठी, एका बाजूने कोरे कागद. फासे कमी असतील तर सहा कडांची पेन्सिल घ्या, तिच्या सहा बाजूंवर एक ते सहा ठिपके काढा आणि गडगडवा. फासा जमिनीवर पडून बाकाखाली जातो, मग चार मुलं त्याच्यामागे. म्हणून डब्याच्या झाकणात किंवा जाड फडक्यावर टाकायचा नियम करा. आवाजही निम्मा होतो.

प्रत्येक जोडीचं सामान एका पाकिटात घाला आणि पाकिटावर आत काय-काय आहे ते लिहा. मोजून घ्यायचं, मोजून परत द्यायचं.

पायरी ५ : आधी तुम्ही खेळा

घरी कुणाबरोबर तरी, निदान सहकाऱ्याबरोबर एक पूर्ण डाव खेळा आणि घड्याळ लावा. कागदावर सुरेख दिसणारा खेळ प्रत्यक्षात पाऊण तास चालतो, किंवा दोन मिनिटांत आटपतो. ‘बरोबरी झाली तर?’, ‘फासा तिरका पडला तर?’ हे प्रश्न मुलं विचारणारच. उत्तरं तुमच्याकडे तयार नसतील तर वीस ठिकाणी वीस भांडणं लागतील.

पायरी ६ : नियम सांगत बसू नका, दाखवा

सामान वाटण्याआधी नियम दाखवायचे. हा क्रम उलटा झाला की संपलं. फासा हाती आलेलं मूल तुमचं ऐकणार नाही, आणि त्याचं चूकही नाही.

दोन मुलांना मधे बसवा, बाकीच्यांना भोवती गोल करून उभं करा. दोघांना चार-पाच खेळ्या खेळायला लावा. तुम्ही शक्यतो बोलू नका. मग भोवतीच्यांना विचारा, ‘तिने काय केलं? ते चालतं का? का चालत नाही?’ नियम मुलांच्या तोंडून बाहेर आले की ते वर्गाचे होतात, मग मोडणाऱ्याला तुम्ही नाही, शेजारीच टोकतो.

थांबण्याची एक खूण आधीच ठरवा, हात वर करणं किंवा टाळीचा ठेका, आणि खेळ सुरू होण्याआधी दोनदा तिचा सराव घ्या. गोंगाटावर आवाज चढवून मात करायला जाऊ नका. मी गेलो होतो, आठवडाभर घसा बसला होता.

पहिल्या दिवशी खेळ दहाच मिनिटं. जमलं नाही तर दहा मिनिटांचंच नुकसान.

पायरी ७ : जोड्या

शक्यतो दोघं, फार तर तिघं. चौघांत पाळीची वाट बघण्यातच वेळ जातो. जोड्या तुम्ही लावा, आणि फार पुढचं व फार मागचं मूल एकत्र बसवू नका, नाहीतर एक खेळतं आणि दुसरं माना डोलावतं. थोडंसंच अंतर असलेली जोडी चांगली. मूल एकटं उरलं तर तिघांचा गट करा.

मैदानावरच्या खेळात एखाद्या धाकट्याला लिंबूटिंबू धरतात. तो पळतो, ओरडतो, पण बाद होत नाही आणि त्याचा गुणही धरत नाहीत. वर्गातही असे लिंबूटिंबू तयार होतात. एका मुलीकडे मी महिनाभर गुण लिहिण्याचं काम दिलं होतं. ती खूश, नीटनेटकं लिहायची. तिची एकही खेळी झालेली नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. गुण लिहिणं, पंच होणं ही कामं फिरती ठेवा. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला जोडीसह वर्गाच्या कडेला किंवा दाराशी बसू द्या. हळू लिहिणाऱ्याला वेळेची अट नको.

पायरी ८ : खेळ चालू असताना तुमचं काम

पंचगिरी करू नका. एक छोटी वही घेऊन जोड्यांमधून फिरा आणि प्रत्येक जोडीपाशी एकच पूर्ण खेळी बघा. बोटं मोजतोय का? मोजणं एकपासून करतोय की पुढून? दशकात मोठा आकडा टाकताना थबकतोय का? चाचणीच्या पेपरात फक्त उत्तर दिसतं, इथे उत्तरापर्यंतची वाट दिसते. माझ्या त्या वहीतल्या नोंदी पुढच्या आठवड्याच्या पाठाला पेपरांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त उपयोगी पडल्या आहेत.

चुकलेली खेळी दिसली तर लगेच सुधारू नका. समोरच्या भिडूला विचारा, ‘तुला हे पटलं का?’

हरणं, रडणं, बक्षिसं

सहा-सात वर्षांच्या मुलाला हरणं जड जातं. कुणी पट उधळेल, कुणी रडीचा डाव खेळेल. नशिबाचा वाटा थोडा असलेला खेळ इथे उपयोगी पडतो, कारण फाशावर राग काढता येतो आणि मागे असलेलं मूलही अधूनमधून जिंकतं. दुसरा उपाय म्हणजे जोडीने मिळून कालच्या आपल्याच आकड्याला हरवायचं: ‘काल सहा प्रश्नांत सापडलं होतं, आज पाचांत बघू.’

बक्षीस देऊ नका. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगून ज्यांना ते दिलं, ती मुलं काही दिवसांनी मोकळ्या वेळात आपणहून कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक दिलं, त्यांच्यात ही घट दिसली नाही. खेळ स्वतःच गोड असताना वरून साखर पेरायची गरज नाही.

पडद्यावरच्या खेळांनाही पायरी २ चाच प्रश्न लावा. त्यांतले कितीतरी चकचकीत टोलनाके निघतील.

पायरी ९ : वेळेत थांबा आणि पाच मिनिटं बोला

‘सर, अजून एक डाव!’ असं ऐकू आलं की थांबायची वेळ झाली. कंटाळा येईपर्यंत खेळवलं तर पुढच्या वेळी तोच कंटाळा आधी हजर होतो.

सामान मोजून परत आलं की पाच मिनिटं राखून ठेवा. नवे शिक्षक हीच पाच मिनिटं कापतात, घंटा झाली म्हणून. पण खेळात हाताने केलेलं इथेच शब्दांत उतरतं. ‘मजा आली का?’ हा प्रश्न वाया जातो, सगळे ‘हो’ ओरडतात. त्याऐवजी विचारा: ‘पहिल्याच खेळीला ६ पडले तर कुठे टाकाल? का?’ किंवा ‘शेवटची खेळी उरली आहे, बेरीज ९४ झाली आहे. आता कुठला आकडा पडला तर बरं?’ मग वहीत त्याच धर्तीचं एकच गणित द्या, फाशाशिवाय, पटाशिवाय. खेळात जमणारं वहीत जमेलच असं नसतं, तो पूल आपणच बांधावा लागतो.

शेजारच्या वर्गातून किंवा पालकांकडून ‘नुसते खेळतात’ अशी कुरबुर आली तर वाद घालू नका. त्यांना हे वहीचं पान दाखवा, आणि जमलं तर एक डाव खेळायला बसवा.

पायरी १० : पुढच्या आठवड्यात तोच खेळ, एक नियम बदलून

पहिल्या डावात मुलांचं निम्मं डोकं नियम समजण्यात खर्च होतं. विषयाकडे लक्ष जातं ते तिसऱ्या-चौथ्या डावापासून. म्हणून खेळ बदलू नका, नियम बदला, आणि एका वेळी एकच. शंभराच्या जागी हजार करा आणि शतकाचं घर वाढवा. आयतांच्या खेळात दोनऐवजी एकच फासा टाका आणि दुसरी बाजू कायम सातची ठेवा, झाला सातचा पाढा. हो-नाहीत ‘रंग विचारायचा नाही’ अशी बंदी घाला.

महिन्याभराने मुलं स्वतःच नियम सुचवू लागतील. तेव्हा त्यांना म्हणा, नियम चिठ्ठीवर लिहा. ती चिठ्ठी दुसऱ्या जोडीला द्या, आणि लिहिणाऱ्यांना मागे उभं करा, तोंड उघडायचं नाही अशा अटीवर. खेळणारी जोडी ज्या वाक्याशी अडेल, ते वाक्य लिहिणाऱ्यांनी पुन्हा लिहायचं.